कटरच्या टोकापासून

पोरी,

परवा फोनवर तू एका वाक्यात विचारलंस, "आजोबा, सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" साताऱ्याच्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत आकड्यांवर चालणारं छोटं सीएनसी मशिन येऊन पडलंय, नटबोल्ट आवळून झालेत, आणि गेले पंधरा दिवस तू लॅपटॉपवर एकेक प्रोग्रॅम उतरवतेस, उघडतेस, वैतागून काढून टाकतेस. त्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो. माझी उमेदवारी आणि नंतरची सगळी नोकरी सांगली जिल्ह्यातल्या टूलरूममध्ये गेली. आधी हाताने चाकं फिरवायची मशिनं, मग सीएनसी. तुझ्या मशिनचा पाट ३०० बाय १८० मिलिमीटरचा, माझ्या मशिनचा वाइससुद्धा त्याहून जड. पण जॉब बिघडायची कारणं दोन्हीकडे तीच असतात.

पहिली गोष्ट. सॉफ्टवेअरची यादी बंद कर आणि कागदावर लिही, पहिल्या सहा महिन्यांत तुला काय कापायचंय. तू मला तीन कामं सांगितली होतीस: घराच्या दाराची मराठी पाटी, मिरजेच्या सतारमेकर काकांसाठी दांडीवर बसवायची नक्षी, आणि कॉलेजच्या प्रोजेक्टला लागणारी भोकं पाडलेली ॲल्युमिनियमची पट्टी. ही तीन कामं तीन जातींची आहेत. पाटीला अक्षरं नीट यायला हवीत. नक्षीत खोबण आणि तिच्यात बसणारा तुकडा यांचं माप जुळायला हवं. पट्टीत दोन भोकांमधलं अंतर चुकता कामा नये, आणि उद्या सरांनी ते अंतर बदलायला सांगितलं तर सगळं चित्र पुन्हा काढायची वेळ येऊ नये. हे कागदावर आलं की निम्मी सॉफ्टवेअरं आपोआप गळतात.

आता साखळी समजून घे. आधी चित्र, मग त्या चित्रावरून कटरने जायची वाट, मग त्या वाटेवर मशिनला प्रत्यक्ष चालवणं. पहिल्याला कॅड म्हणतात, दुसऱ्याला कॅम, तिसरं कंट्रोल. वाट लिहिली जाते जी-कोडमध्ये. साध्या मजकुराची फाइल असते ती, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीत आकड्यांवर चालणारं पहिलं मिलिंग मशिन दाखवलं तेव्हा ते आकडे भोकं पाडलेल्या कागदी पट्टीवर होते. आज ते तुझ्या पेन ड्राइव्हवर आहेत, एवढाच फरक. बहुतेक मुलं साखळीची सुरुवात चित्राकडून करतात, कारण चित्र पडद्यावर छान दिसतं. तू उलटी सुरुवात कर. कटरच्या टोकापासून मागे मागे ये.

म्हणजे आधी मशिनची मागची पेटी उघड आणि बोर्ड बघ. मी परवा फोटो मागितला तो त्यासाठीच. तुझ्या बोर्डावर एटीमेगा ३२८ चिप आहे, म्हणजे आत जीआरबीएल आहे. तुम्ही पोरं त्याला गर्बल म्हणता. नॉर्वेच्या एका माणसाने २००९ मध्ये ते लिहायला घेतलं आणि सगळ्यांना फुकट दिलं. एवढ्याशा चिपवर तीन अक्ष एका तालात चालतात, याचं मला अजून कौतुक वाटतं. पण चिप लहान, म्हणून काही गोष्टी ती करत नाही, आणि त्या तुला आधीच माहीत हव्यात. ड्रिलिंगची तयार सायकल, म्हणजे जी८१, तिला कळत नाही. टूल बदलायची एम६ आज्ञा दिली की ती अडून एरर देते. म्हणून जितके कटर तितक्या वेगळ्या फाइली काढायच्या, आणि फाइलच्या नावातच कटर लिहायचा: "पाटी-३मिमी", "पाटी-व्ही६०". संध्याकाळी लाइट जाऊन आली की कुठली फाइल कुठल्या कटरची हे नावावरूनच कळतं.

गर्बलला चालवायला लॅपटॉपवर एक छोटा सारथी लागतो. युनिव्हर्सल जीकोड सेंडर घे. कँडल त्याहून हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवर बरं चालतं. दोन्ही फुकट. त्यांच्यात फार डावंउजवं करत बसू नकोस. हा सारथी फाइल ओळीओळीने बोर्डाला देतो, बाकी हिशेब बोर्ड करतो.

तुझ्या मित्राने मॅक थ्री घे म्हणून सांगितलंय. चांगलं सॉफ्टवेअर होतं, मीही वापरलंय. पण ते पॅरलल पोर्टच्या जमान्यातलं, म्हणजे जुन्या प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या सॉकेटचं, आणि त्या पोर्टावर ते ३२ बिटच्या जुन्या विंडोजवरच चालतं. फुकटच्या प्रतीत ५०० ओळींची मर्यादा आहे. तुझ्या नक्षीची एक कमळपाकळीसुद्धा त्यात मावायची नाही. तुझ्या बोर्डाशी त्याचा मेळही बसत नाही. पुढे कधी मोठं मशिन बांधलंस तर लिनक्ससीएनसीकडे जा. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत त्याची सुरुवात झाली, ते फुकट आहे, आणि टूलरूममधल्या माणसाला जे जे लागतं ते सगळं त्यात आहे. मात्र त्याला वेगळा कॉम्प्युटर द्यावा लागतो आणि आधी त्या कॉम्प्युटरची लेटन्सी, म्हणजे तो वेळेवर टिकटिक देतो की अडखळतो, ते तपासावं लागतं. कुपवाडच्या फर्निचरवाल्यांकडे लाकूड कापायच्या राउटरला लटकवलेली बटणांची पेटी असते, तिला ते डीएसपी म्हणतात. पेन ड्राइव्ह लावला की कॉम्प्युटरशिवाय काम चालू. रोजच्या धंद्याला तेच बरं. तुला आत्ता यातलं काही नको.

बोर्ड कळला की त्याला मशिन किती सरकतं ते शिकवायचं. सेंडरमध्ये डॉलर आणि पुढे १००, १०१, १०२ असे तीन आकडे दिसतील, प्रत्येक अक्षाला एका मिलिमीटरला किती पावलं ते. मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरने प्रत्येक पावलाचे १६ तुकडे केले तर ३,२०० झाली. स्क्रू एका फेऱ्यात ४ मिलिमीटर सरकत असेल तर ३,२०० भागिले ४, म्हणजे ८००. हे गणित स्वतः कर, दुकानदाराच्या कागदावर विसंबू नकोस. मग मोजून बघ. १०० मिलिमीटर सरक म्हण, व्हर्नियरने माप घे. ९८.५ भरलं तर ८०० गुणिले १०० भागिले ९८.५, म्हणजे ८१२. पण निम्मं किंवा दुप्पट भरलं तर आकड्याशी खेळू नकोस. ड्रायव्हरच्या पिना चुकीच्या लागल्यात, पेटी उघड.

मापांवरून आठवलं. मिरजेचे काका तुला सांगतील, "दोन सूत रुंद ठेव." आपल्याकडच्या सुताराचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. आता तुझ्या मशिनबरोबर आलेल्या कटरची दांडी मोज. नेमकी एक सूत भरेल, कारण तीही इंचाचा आठवा भागच आहे. म्हणजे तुझ्या खोलीत इंच आणि मिलिमीटर एकत्र नांदतायत, आणि सॉफ्टवेअरमध्ये ते एकमेकांत मिसळले की जॉब गेला. जी२१ म्हणजे मिलिमीटर, जी२० म्हणजे इंच. प्रत्येक फाइल चालवण्याआधी नोटपॅडमध्ये उघडून पहिल्या दहा ओळींत जी२१ आहे का बघ. माझ्या सीएनसीच्या पहिल्या वर्षात मी हे न बघता बटण दाबलं होतं. २५.४ पटीने लांब जायचं म्हणून मशिन निघालं आणि क्लॅम्पवर आदळून थांबलं. दोन हजारांचा कटर गेला. साहेब काही बोलले नाहीत. त्यांच्या त्या न बोलण्याने मी ही सवय लावून घेतली.

आता वाटेचं सॉफ्टवेअर. याच्या बाबतीत एकच गोष्ट विचार: याच्याकडे माझ्या बोर्डाचा पोस्ट प्रोसेसर आहे का? पोस्ट प्रोसेसर म्हणजे दुभाषा. वाट एकच, पण प्रत्येक कंट्रोलरची बोली थोडी वेगळी. दुभाषा चुकीचा लावलास तर तीच जी८१ आणि एम६ ची कटकट. गर्बलचा पोस्ट फ्रीकॅडमध्ये आहे, फ्यूजनमध्ये आहे, व्हीकार्व्हमध्येही आहे. वेग मात्र सॉफ्टवेअरच्या मनाने घेऊ नकोस. आरपीएम गुणिले कटरच्या धारा गुणिले प्रत्येक धारेने खायचा तुकडा. १०,००० गुणिले २ गुणिले ०.०३ म्हणजे मिनिटाला ६०० मिलिमीटर. लाकडात इथून सुरू कर आणि आवाज ऐक. करकर आवाज आला आणि भुसा पिठासारखा पडायला लागला तर कटर घासतोय, कापत नाही. भुशात चिपा दिसायला हव्यात. प्लॅस्टिकमध्ये एकधारी कटर लाव, नाहीतर वितळलेलं प्लॅस्टिक कटरला चिकटून त्याचा गोळा होतो.

चित्राबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे आपला मराठी माणसाचा वेगळा प्रश्न आहे. तू ईझलमध्ये आणि अजून एकात घराचं नाव टाइप करून बघितलंस आणि जोडाक्षरं फुटली, वेलांट्या भलतीकडे गेल्या. त्यात तुझी काही चूक नाही. बरीच कॅम सॉफ्टवेअरं रोमन अक्षरांसाठी लिहिलेली आहेत. ती अक्षरामागे अक्षर ठेवत जातात, जोडत नाहीत. म्हणून अक्षरं कॅममध्ये टाइप करायचीच नाहीत. इंकस्केप नावाच्या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडचा फॉन्ट घेऊन लिही. मुक्ता किंवा बलू घे, दोन्ही खुले आहेत आणि जाड रेघेचे, कटरला सोपे. लिहून झालं की त्या अक्षरांचं ऑब्जेक्ट टू पाथ कर. आता ती अक्षरं राहिली नाहीत, नुसत्या रेघा झाल्या. पुढे कुठलंही सॉफ्टवेअर त्या मोडू शकत नाही.

इथेच थांबलीस तर मात्र फसशील. देवनागरीत प्रत्येक अक्षराची शिरोरेघ शेजारच्या अक्षराच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते. डोळ्याला ती एक सलग रेघ दिसते, पण कॅमला तिथे दोन आकृत्या एकमेकींत घुसलेल्या दिसतात, आणि कटर नेमका त्या सांध्यांवर उभ्या चिरा मारतो. म्हणून सगळ्या अक्षरांचं मिळून युनियन करायचं. मग झूम करून शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघायची, सांधा राहिला नाही ना. आणि आरपार कापणार असशील तर लक्षात ठेव, 'व'च्या आणि 'क'च्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो. तिथे बारीक पूल ठेवावा लागतो. ३ मिलिमीटरच्या गोल कटरने आतला कोपरा दीड मिलिमीटरच्या गोलाईहून टोकदार कधीच निघत नाही. 'ळ'ची गाठ आणि रफार धारदार हवे असतील तर व्ही कटर घे. त्याची वाट एफ-एन्ग्रेव्ह नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर छान काढतं. त्याच्यातही मराठी टाइप करू नकोस, इंकस्केपमधली रेघ डीएक्सएफ स्वरूपात काढून दे.

इंकस्केपची एक जुनी खोड आहे. २०१७ च्या ०.९२ आवृत्तीपासून त्याने इंचाला ९० ठिपक्यांचं माप सोडून ९६ चं धरलं. कुणी त्याआधी काढलेली फाइल तुला दिली आणि ती जशीच्या तशी उघडलीस तर १०० ची जागा ९३.७५ होऊ शकते. कुणाचीही फाइल आली की आधी एक माप मोजायचं, मग हात लावायचा.

ॲल्युमिनियमच्या पट्टीला इंकस्केप नको, फ्रीकॅड घे. त्यात अंतर आकड्याने बांधता येतं. सरांनी ४० चं ४२ करायला सांगितलं की एक आकडा बदलायचा, चित्र आपण होऊन सरकतं. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याची १.० आवृत्ती आली, वाट काढायचं दालनही त्यातच आहे. शिकायला चिकाटी लागेल, पहिले पंधरा दिवस ते तुला रडवेल. तुझ्या वर्गातली मुलं फ्यूजन वापरतात, आणि ते हाताला खरंच गुळगुळीत आहे, हे मी नाकारत नाही. पण २०२० मध्ये त्याच्या फुकटच्या परवान्यातून बऱ्याच गोष्टी काढून घेतल्या गेल्या. एका वेळी दहाच फाइली बदलता येतात, आणि मशिन हवेतून जातानासुद्धा कापायच्या वेगानेच जातं. शिवाय तो परवाना घरच्या हौसेसाठी आहे. उद्या पाट्या विकायला लागलीस आणि धंदा जमला तर तो चालत नाही. शिकायला वापर, पण तुझी कामं त्याच्यात अडकून राहू देऊ नकोस.

हे मी इतक्या जोराने का सांगतोय? निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका फर्निचरच्या वर्कशॉपमध्ये मदतीला जायचो. नाव सांगत नाही, माणसं चांगली होती. दारं, देवघरं, जाळ्या. सगळी डिझाइनं आर्टकॅममध्ये, तेही कुणीतरी कुलूप तोडून दिलेलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचं पाणी वर्कशॉपमध्ये छातीपर्यंत आलं. राउटर गाळातून काढला, बेअरिंगं बदलली, मोटर सुकवली, दोन महिन्यांत तो चालला. लोखंड असं वाचतं. कॉम्प्युटर गेला. आर्टकॅमची विक्री तर कंपनीने २०१८ मध्येच बंद केली होती, आणि तोडलेल्या कुलुपाचं सॉफ्टवेअर पुन्हा मागायला जायचं कुणाकडे? दुसऱ्या एका डिस्कवर जुन्या फाइली होत्या, पण त्या त्याच सॉफ्टवेअरच्या खाजगी स्वरूपातल्या, इतर कशात उघडेनात. बारा-चौदा वर्षांची डिझाइनं. त्यातल्या साठेक जाळ्या वाचल्या, कारण त्या मी डीएक्सएफमध्ये काढून एका पेन ड्राइव्हवर घरी आणल्या होत्या, मला जुन्या मशिनवर तपासायच्या होत्या म्हणून. मालक तो पेन ड्राइव्ह हातात घेऊन खुर्चीत बसून राहिले होते, ते मला अजून दिसतं.

म्हणून प्रत्येक कामाच्या चार फाइली ठेव: मूळ चित्र, त्याचं एसव्हीजी किंवा डीएक्सएफ, जी-कोड, आणि एक साधी मजकुराची फाइल, ज्यात लाकूड, कटर, वेग, खोली आणि झिरो, म्हणजे सुरुवातीचा बिंदू, कुठे धरला ते लिहिलेलं. एक प्रत साताऱ्यात, एक इथे सांगलीत माझ्याकडे. आपण दोघंही कृष्णेच्याच खोऱ्यात राहतो, पण सातारा उंचावर आहे. आणि तोडलेलं सॉफ्टवेअर मशिनच्या लॅपटॉपवर घालायचं नाही. फुकटचं आणि सरळ मार्गाचं एवढं असताना तर नाहीच.

आता हाताने काढायच्या ड्रॉइंगबद्दल. लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट तुला लहानपणी सांगितली होती. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळलं, म्हणून यांत्रिक रेखाचित्राकडे वळले आणि तेच शिकवायला लागले. लोखंडी नांगर पुढे आला, आणि औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मी टूलरूममध्ये लागलो तेव्हा पहिले सहा महिने मशिनला हात लावू दिला नव्हता, नुसतं ड्रॉइंग वाचायचं. तेव्हा राग यायचा. तूही रोज एक तास पेन्सिलीने काढ: समोरून, वरून, बाजूने. हाताने काढता आलं की सॉफ्टवेअर बदललं तरी तुझं काही अडत नाही.

सतारीच्या नक्षीबद्दल. मिरजेतली सतार करणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारींना धार लावणाऱ्यांची. तलवारींची मागणी सरली तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात फरीदसाहेबांसारखे कारागीर वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अशा माणसासमोर मशिन घेऊन जाताना आधी त्यांचं काम बघायचं. पूर्वी ही नक्षी हस्तिदंताची असायची, आता प्लॅस्टिकच्या पट्टीची. खोबणीचे आतले कोपरे कटरच्या गोलाईने गोल निघणार, म्हणून तुकड्याचे बाहेरचे कोपरेही तेवढेच गोल काढ, आणि तुकडा सगळीकडून ०.०५ ते ०.१ मिलिमीटर आत घे. इंकस्केपमध्ये इनसेट आहे, फ्रीकॅडमध्ये ऑफसेट. आधी टाकाऊ लाकडावर खोबण कापून ०.०५, ०.०७, ०.१ आत घेतलेले तीन तुकडे काकांना बसवायला दे. बोटांना काय बरोबर लागतं ते त्यांना कळतं. घोडीच्या जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या पृष्ठभागाला, मात्र मशिन लावायचं मनात आणू नकोस. ती कानसेने घासत, तार छेडत, कानाने ऐकत काढतात. ते काम त्यांचंच आहे.

आता या आठवड्याचं सांगतो. कटर लावू नकोस. स्पिंडलच्या जागी रबरबँडने बॉलपेन बांध, पाटावर कागद चिकटव, आणि १०० चा चौकोन काढ. कर्ण मोज. दोन्ही १४१.४ भरले तर मशिन काटकोनात आहे. एक १४२ आणि एक १४१ आला तर चौकट वाकडी आहे. सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्ती शोधू नकोस, पान्याने ढिलं करून सरळ कर. मग तुझ्या पाटीची अख्खी फाइल पेनाने काढ. मग कटर लावून, पण झेड पाच मिलिमीटर वर धरून, हवेत चालव.

लाइटचं लक्षात ठेव. मध्येच गेली तर गर्बल आपण कुठे होतो ते विसरतं. होमिंग स्विच बसव आणि डॉलर २२ चालू कर; किंवा ते होईपर्यंत टाकाऊ फळीत एक बारीक भोक पाडून तोच झिरो धर, म्हणजे परत त्याच जागी येता येईल. लॅपटॉपला झोपू देऊ नकोस, सेटिंगमध्ये बंद कर. आणि पडद्यावरचं लाल बटण खरं नसतं. यूएसबी अडकली की ते दाबून काही होत नाही. स्पिंडलची वीज सरळ तोडणारं हाताचं मशरूम बटण आण, साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळेल. चष्मा लाव, ओढणी बाजूला ठेव, वेणी घट्ट बांध.

रविवारी कोयना एक्सप्रेसने ये. पेनाने काढलेला चौकोन आणि पाटीचा कागद गुंडाळून आण, लॅपटॉप नको. मी स्टेशनवर येतो. आधी घरी जेवू, तुझ्या आजीने पुरणपोळीचं म्हटलंय, मग मिरजेला काकांकडे जाऊ. माझा जुना व्हर्नियर काढून ठेवलाय, तेल लावून. तो तुझ्याकडे राहू दे.

— आजोबा